वाटीभर दही-साखर

आमच्या विमलकाकूच्या उंबऱ्यावरून आजवर कोणी कोरड्या तोंडाने बाहेर पडलेलं नाही. मुकुटबनातली अर्धी पोरं तिच्या हातची दही-साखर चाटून परीक्षेला गेली. शेजारचे किसनकाका कोर्टाच्या तारखेला निघाले की आधी तळहात पुढे करायचे. केस हरली, तरी काकूचा विश्वास ढळला नाही. "दह्याचा काय दोष? वकीलच बेकार होता," म्हणाली.

सलोनी तिची धाकटी. पोरगी हुशार, बोलकी. पण पाहायला आलेले लोक तिच्या पसरट नाकाकडे बघत चहा प्यायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. त्या लोकांचा मला आजही संताप येतो. शेवटी सलोनीनेच नाकाचं ऑपरेशन करणारा यवतमाळचा एक खाजगी दवाखाना शोधला. सकाळी भरती, संध्याकाळी घरी. रात्रीपासून पोटात काही नको म्हणे, एवढंच तिने घरात सांगितलं.

सकाळी निघताना काकूने दही-साखर आणली, आणि तळहातावर नाही, चांगली वाटीभर. "पोरगी रातची उपाशी हाये, चक्कर येईन," म्हणाली. शकुनाच्या दह्याला काकू खाणं धरतच नाही. सलोनीने वाटी संपवली आणि आम्ही गाडीत बसलो.

दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीने मान वर न करता विचारलं, "उपाशीच ना?"

"हो," सलोनी म्हणाली. झालं, तिला आत नेलं.

बाकावर उमरखेडच्या नसरीन आपा सुनेला घेऊन बसल्या होत्या. सुनेच्या गालावरचा भाजल्याचा डाग काढायचा होता. ती पाणी मागत होती आणि आपा देत नव्हत्या. काकूला ते बघवेना.

"घोटभर द्या न तिले."

"नाही ताई. गुंगीत उलटी झाली तं फुफ्फुसात उतरते. जान जाते."

काकूच्या तोंडचं पाणी पळालं. "दही खाल्लं तं?"

"मंग, दही काय खाणं नाही का?"

काकू उठली, दारापर्यंत गेली, परत बसली, पुन्हा उठली. पदराचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली.

"काकू, सांग न जाऊन!" मी ओरडले.

"सांगितलं तं आज करत नाहीत ते. किती आस लावून बसली पोरगी. जन्मभर बोलणार नाही माह्याशी."

"अन् नाही सांगितलं तं?"

काकूने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या क्षणी दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. "थांबा! माह्या पोरीनं खाल्लं हाये! म्याच चारलं!"

डॉक्टर बाहेर आले. इंजेक्शन भरून ठेवलं होतं, अजून टोचलं नव्हतं. ऑपरेशन रद्द केलं त्यांनी, आणि मग काउंटरवरच्या पोरीवर भडकले. काय खाल्लं, कधी खाल्लं, हे नीट विचारायला नको? अहो, तुम्ही का नाही विचारलं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

सलोनी हिरव्या गाऊनमध्ये बाहेर आली. काकू हात जोडून रडायला लागली. "चुकलं माय माह्यं. मले माहीत नव्हतं."

"मले माहीत होतं," सलोनी म्हणाली. "फोनवर त्यायनं सगळं समजावलं होतं. तुह्या हातची वाटी लोटता नाही आली. अन् आत सांगितलं तं वापस पाठवतीन, म्हणून गप बसली."

काकूचं रडणं जागीच थांबलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा पोरीवर हात उगारला, पण मारलं नाही. तोच हात सलोनीच्या नाकावर ठेवला.

"याच्यासाठी मरायले तयार होती तू?"

सलोनीने मान खाली घातली आणि हो म्हणाली.