काचेचा गोठा

आमच्या घरात मासे आले ते माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून. सूरजच्या डोक्यात काही आलं की ते निस्तरायला मी, हे लग्न झाल्यापासून ठरलेलंच आहे. तो क्रेन चालवतो. कशेडी घाटात ट्रक आडवा झाला की त्याचा फोन वाजतो आणि तो निघतो. मागे महाडच्या या दोन खोल्यांत उरते मी, माझं शिलाई मशीन आणि गेल्या शिमग्यापासून माझे सासरे, हरिबा ढेबे.

आबांचं सगळं आयुष्य पोलादपूरच्या वरच्या डोंगरात गेलं. वाडी इतकी उंच, की लग्नानंतर पहिल्यांदा तिथे चढून गेले तेव्हा मी माहेरच्या सगळ्यांच्या नावाने बोटं मोडली होती. मी नाते गावची, सपाटीवरची. आबांकडे म्हशी, थोडी नाचणी, आणि बोलायला विषय एकच, जनावरं. कोणती म्हैस कधी गाभण राहिली ते त्यांना पाठ. सूरजचा जन्म कोणत्या साली झाला ते मात्र शेजाऱ्याला विचारावं लागायचं. मागच्या पावसात घरामागच्या डोंगराला भेग पडली. वाडीतले बाकीचे आधीच खाली उतरले होते. सासूबाई जाऊनही बरीच वर्षं झालेली. तरी म्हातारा हलायला तयार नाही. शेवटी सूरजने म्हशी विकायला लावल्या आणि त्यांना खाली आणलं.

आणलं खरं, पण ते आले कुठे? ते पाहुण्यासारखे बसले. तहान लागली तरी उठून माठातलं पाणी घेणार नाहीत. मी कात्री खाली ठेवायची, उठायचं, विचारायचं, "आबा, पाणी देऊ?" मग ते म्हणणार, "दे." जेवणाचं तेच, चहाचं तेच. मी म्हटलं, "आबा, टोपल्यात भाकरी असते, भूक लागली की घ्या. घर तुमचंच हाय." ते "बरं" म्हणाले आणि तसेच बसून राहिले. त्यांची कापडी पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगलेली. त्यातले कपडे मी कपाटात लावले की दुसऱ्या दिवशी ते परत पिशवीत. एकदा मी वैतागून सूरजला म्हटलं, हे काय स्टँडवर बसल्यासारखे बसलेत? आबांनी ते ऐकलं असावं. संध्याकाळी आपणहून म्हणाले, "नव्या जागी आनलेलं जनावर आधी हातचंच खातं गो. आपलं आपन चरायला लागलं, की समजायचं, रुजलं." मला वाटलं, झालं, परत म्हशी सुरू. मी हातशिलाई करत राहिले.

सूरजच्या मित्राने मोबाइलचं दुकान बंद केलं, तेव्हा तिथली काचेची टाकी याने उचलून आणली. सोबत रेती, प्लास्टिकचं माडाचं झाड, हवा सोडणारा पंप, आणि वर ट्यूबलाइटचं झाकण. "आबांना जित्राब पाहिजे ना? हे घे." माशांचं दुकान चालवणाऱ्या विनीतने त्याला बजावलं होतं, की पाणी भरून टाकी आठवडाभर नुसती चालू ठेवा आणि सुरुवातीला दोन-तीनच मासे न्या. पण आमचे साहेब म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याच संध्याकाळी नळाला पाइप लावून टाकी भरली आणि पिशवीभर मासे आत सोडले. काळ्या मोली, नारिंगी, पट्टेवाले, जे दिसेल ते. मग घाटातून फोन आला आणि तो गेला.

सकाळी चार मासे वर तरंगत होते. मी विनीतला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, नळाच्या पाण्यात औषध असतं. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, मग घालायचं." हे तू आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला, "दादांना सांगितलं होतं." दादांना काय, दादांना सगळेच सांगतात.

आबांनी मेलेले मासे ओंजळीत घेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले आणि टाकीसमोर उकिडवे बसले. त्या दिवसापासून टाकी त्यांची झाली. काळ्या मोलींतली मोठी ती काळी, पांढरट पोटाची ती ढवळी. ट्यूबलाइट बंद करायची नाही, कारण गोठ्यात अंधार असू नये. दिवसभर लाइट. बिल कोण भरणार, ते विचारू नका. आणि वाडीचा रिवाज असा, की जनावराला घातल्याशिवाय माणसाने तोंडात घास घ्यायचा नाही. मी ताट वाढलं की आबा आधी उठून माशांच्या खाण्याच्या डबीतली चिमूट टाकीत टाकणार. चहा आला की चिमूट. न्याहारीला चिमूट. त्यांची चिमूट म्हणजे म्हशीला चारा घातलेल्या हाताची चिमूट, ती किती असेल ते समजून घ्या.

पाणी आधी दुधाळ झालं, मग तांदळाच्या धुवणासारखं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. मी म्हटलं, आबा, यांचं काहीतरी बिनसलंय. आबांनी निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "भुकेली हायत. तोंड वासतायत बघ. त्या डबीतल्या भुश्यानं काय व्हतंय."

दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची मापं घेत असताना ते घरातून गायब. महाडात आल्यापासून हा माणूस एकटा उंबरा ओलांडून गेला नव्हता. मी अर्धी गल्ली शोधून परत येते, तर हे दारात, हातात पुडी. बाजारपेठेत विचारत विचारत जाऊन शेंगदाण्याची पेंड आणली होती. मी बघेपर्यंत भिजवून मूठभर टाकीत गेलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत घराला गोठ्याचा वास सुटला. माझ्या घरात आल्यापासून म्हातारा पहिल्यांदा हसला, त्यामुळे मला ओरडताही येईना. गौरीसाठी शिवायला आलेली नवी कापडं मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली, नाहीतर गौरीलाही पेंडीचा वास लागला असता.

मग रोज एकदोन मासे जाऊ लागले. कढीपत्ता मात्र असा फोफावला, की शेजारीण मागायला येते. शेवटी टाकीत काळी, ढवळी आणि एक नारिंगी उरली. तीही वरच, श्वासासाठी तडफडणारी. एक दिवस नारिंगीही गेली तेव्हा आबा कुंडीजवळून हात न धुताच आत आले आणि म्हणाले, "ज्या घरात जनावर टिकत नाय, तितं मानसानं ऱ्हाऊ नाय. माज्या हाताचा गुन गेला गो. ही दोन गेली की मी वर जातो."

मी म्हटलं, "वर कुठं? श्रावणात? डोंगराला भेग हाय, वाडीत कुत्रं नाय, आणि तुमाला साखरेची गोळी कोन देनार?"

"बघीन," म्हणाले. आणि हा माणूस बघीन म्हणाला की बघतोच. रोज शंभर वेळा मी त्यांच्यावर वैतागते, पण रात्रभर पाऊस कोसळतोय आणि ते त्या भेगेखाली एकटे झोपलेत, हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

मी टाकीचा फोटो विनीतला पाठवला आणि तो स्वतःच आला. वास घेऊन दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "वहिनी, मासा तोंड वासतो तो भुकेने नाही, त्याला पाण्यात श्वास मिळत नाही म्हणून. टाकलेलं खाणं तळाला सडतंय, पाण्यात विष झालंय. रोज थोडं पाणी काढा, तेवढंच ठेवलेलं पाणी घाला. पंपाचा स्पंज नळाखाली धुऊ नका. आणि पाणी निवळेपर्यंत एक कण आत टाकू नका. मासे उपाशी मरत नाहीत, खाऊन मरतात." एका बाजूच्या काचेवर हिरवं चढलं होतं, तेही घासून काढा म्हणाला. मी मान डोलावली. गौरी तोंडावर आलेल्या, माझ्याकडे डझनावारी ब्लाउज. काच कोण घासतंय.

आबांनी सगळं ऐकलं. विनीत गेल्यावर त्यांनी माशांच्या खाण्याची डबी आणून माझ्या मशीनवर ठेवली. मला वाटलं, सुटले.

दुपारी ताट वाढलं तर त्यांनी ते हाताने पुढे सरकवलं. "तू जेव पोरी. मला नको."

"का? बरं नाय वाटत?"

"बरा हाय. दावनीची जनावरं उपाशी नि मी खाऊ?"

मी समजावलं. विनीतचं बोलणं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना नको घालू, मरतील. बराबर हाय." मग तुम्ही जेवा. "नको." सासूबाई गेल्या त्या दिवशीही या माणसाने आधी म्हशींना वैरण टाकली आणि मग तो तिरडीपाशी आला, हे मी वाडीतल्या बायकांकडून ऐकलं होतं. तेव्हा मला ते दगडासारखं मन वाटलं होतं.

त्यांना साखर. डॉक्टरांनी बजावलेलं, गोळीनंतर वेळेवर जेवण. जेवण नाही तर गोळी देता येत नाही, गोळी नाही तर साखर चढणार. मी कपाळाला हात लावला. माशांना घालावं तर मासे मरणार आणि हे डोंगरावर जाणार, न घालावं तर हे इथेच आडवे होणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या मधे मी, हातात ब्लाउजची काजपट्टी घेऊन. सूरजला फोन केला. तो म्हणाला, "अगं, समजाव ना त्यांना." मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मी खोटं बोलले. "आबा, तुमी आडवे झालेले तेवा मी मासळ्यांना घातलं. आता जेवा." ते उठून टाकीशी गेले, वाकून पाहिलं आणि परत येऊन बसले. "पोट खपाटीला हाय काळीचं," एवढंच म्हणाले. फक्त कोरा चहा घेतला. दुसरा दिवसही तसाच. मी ठेवलेलं पाणी टाकीत ओतत होते आणि मनातल्या मनात दोन माशांना, एका म्हाताऱ्याला आणि एका क्रेनवाल्याला शिव्या घालत होते. एकदा तर ती डबी उघडून टाकीवर धरली. घालते चिमूट, म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. मग काळीकडे पाहिलं आणि डबी मिटली. रागाने रडू आलं. आणि हो, त्या दोन दिवसांत मीही धड जेवले नव्हते. सासरा उपाशी बसला असताना सुनेच्या घशाखाली घास कसा उतरावा? माझ्यासाठी भाजलेली भाकरी तशीच टोपल्यात पडून होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हुक लावत होते तेव्हा आबांनी हाक मारली. "सुरेखा, हिकडं ये गो."

आवाज खोल गेलेला. मी हातातलं टाकून धावले. ते टाकीपाशी उकिडवे, नाक काचेला लावून. मीही वाकले. पाणी बरंच निवळलं होतं, मागची भिंत दिसत होती. दिवसभर जळणाऱ्या त्या ट्यूबलाइटने जे हिरवं शेवाळ चढवलं होतं आणि जे घासायला मला वेळ झाला नव्हता, त्याला काळी लागली होती. तोंडाने खरवडत वरून खाली येत होती. तिच्या मागून तिने मोकळी केलेली बारीक पट्टी दिसत होती. ढवळी खालच्या कोपऱ्यात तेच करत होती. वर तोंड वासायला कोणी गेलं नव्हतं.

"चरतायत," आबा म्हणाले.

मी म्हटलं, "मग वाढते ताट." तेवढ्यात दारात गिऱ्हाईक. बाईला मुंबईला जायची गाडी गाठायची होती, ब्लाउज आत्ताच घालून बघायचा होता, आणि बघितल्यावर बाही घट्ट निघाली. मी शिव्या गिळत उसवायला बसले. टाके उसवता उसवता आतून टोपल्याचं झाकण वाजलं. मला वाटलं मांजर. मग माठावरच्या ओगराळ्याचा आवाज आला.

गिऱ्हाइकाला तसंच ब्लाउजमध्ये उभं ठेवून मी आत डोकावले. आबा ओट्याशी उभे होते. टोपल्यातली भाकरी त्यांच्या डाव्या हातावर, तिच्यावर चटणी, आणि चटणीची वाटी कुठे असते ते त्यांना न विचारता सापडलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तांब्यातलं पाणी प्यायले, पुन्हा एक घास तोडला.

ती शेवटची भाकरी होती आणि माझी होती. मी परत येऊन बाही उसवायला घेतली.