वाचलेला ढेकूण

लिंबायतच्या आमच्या गल्लीत यंत्रमागावर राबणाऱ्या लूमवाल्यांची खाट कधी थंड होत नाही. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा होतो. त्यामुळे ढेकूण मजेत. त्यांना मारायला येणाऱ्या माणसाला सगळे नुसतं ‘दवावाला’ म्हणतात. फवारून झालं तरी तो जात नाही. बॅटरी घेऊन खाटेखाली पालथा पडतो आणि जिवंत उरलेला शोधतो.

परवा माझ्या घरी ओरडलाच, “सापडला! सर, हा बघा, वाचला!”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ऐटीत म्हणालो, “त्यांना दवेची सवय झालीय.”

“सवय कसली? मग मेलेल्यांना का नाही झाली?” त्याचे डोळे नुसते चमकत होते. “हा जन्मापासूनच चिवट! लेचेपेचे मरतात, असले उरतात आणि पुढची पिल्लं यांचीच होतात. मागच्या खेपेला दवा तुम्हीच मारलेली ना? पाणी किती घातलं?”

“पुरावी म्हणून... दुप्पट.”

त्याने ढेकूण अंगठ्याखाली चिरडला. “मग सर, पातळ दवेनं लेचेपेचे तेवढे मेले. हा वाण तुम्हीच निवडून काढलाय!”

दुसऱ्या दिवशी दहावीला ‘नैसर्गिक निवड’ शिकवायला मी पुस्तक नेलं नाही. मी पाणी घातलेल्या दवेची ती रिकामी बाटली नेली.