बिनमालकाचं वाक्य

अंगात आलेल्या बायकांना मी खुर्चीत बसवून लिंबूसरबत पाजलंय आणि घरी पाठवलंय. भानामती म्हणून दाखवलेल्या प्रकरणात घरातलीच रुसलेली सून शोधून काढलीय. मानसशास्त्राची बाई आहे मी, सगळा जन्म लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास करण्यात गेला. तेव्हा या गूढ अनुभवांच्या सदरात माझं पत्र बघून ओळखीची मंडळी हसतील... हसू देत. घडलं ते घडलं तसं सांगते.

साधारण एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. मी नाशकात द्वारका चौकाजवळ राहायचे आणि दर आठवड्याला बसनं नाशिक रोडला जायचे — खांद्यावर विटेएवढा जड टेपरेकॉर्डर घेऊन. सरकारी नोटांच्या प्रेसमधल्या लोकांच्या वसाहतीत तळमजल्यावर साळव्यांचं घर होतं. साळवे, त्यांची बायको विमल, साळव्यांचे वडील आणि सहा वर्षांची रंजू. मी रंजूसाठी जायचे.

आज ऑटिझम म्हटलं की लोकांना निदान ऐकून तरी माहीत असतं. तेव्हा डॉक्टरसुद्धा 'म्हणजे काय हो?' म्हणून विचारायचे. रंजूला कुणी बहिरी म्हणे, कुणी वेडी. शेजारणी तिला पोपट म्हणायच्या, आणि त्यात थोडं तथ्य होतं. रंजू स्वतःचं असं काही बोलत नसे. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणायची, कधी लगेच, कधी महिन्यांनी. भूक लागली की म्हणणार, "तुला भूक लागली का गं?" कारण आई तसं विचारते! आणि नक्कल तरी कशी — आजोबांची सकाळची बुद्धवंदना त्यांच्या खोकल्यासकट. रेडिओवरचा बातम्या देणारा बाबा, भंगारवाला, कुकरची शिट्टी, सगळं त्याच चालीत.

माझं संशोधन त्यावरच होतं. रंजूचं प्रत्येक वाक्य टेप करायचं आणि ते मुळात कुणाचं, हे हुडकायचं. म्हणजे वाक्याचा मालक शोधायचा. मुलगी ऐकल्याशिवाय काही बोलत नाही, हा माझा पाया. वर्षभरात तो कधी हलला नाही... एक वाक्य सोडून.

विमल मोरीत भांडी घासत असली की रंजू तिच्या पाठीमागे उभी राहून म्हणायची, "तुनी काहीच चूक नई शे, माय. रडू नको. तोंड धुई ले." आणि मग जीभ टाळूला लावून एक आवाज काढायची... टॉक्!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टेप मागं फिरवून पुन्हा ऐकली. ही अहिराणी. माझी भाषा! मी सटाण्याकडची. पण आई गेल्यापासून अहिराणी माझ्या तोंडून निघाली नव्हती, बोलणार कुणाशी? साळव्यांच्या घरी तर मी अगदी शाळेतल्या बाईंसारखं बोलायचे.

"विमल, इकडं सटाण्या-मालेगावकडचं कुणी येतं का? दूधवाली, भाजीवाली?"

"नाय मॅडम. आमी समदे निफाडकडचे. काय म्हनते ती?"

मी अर्थ सांगितला. तुझी काही चूक नाही, रडू नकोस, तोंड धुऊन घे.

विमलनं ओले हात पदराला पुसले. "कुनाला म्हनत आसंल ओ?" तिनं विचारलं.

मग मी मालक शोधायला लागले. शेजारची घरं झाली, पाणी भरायला येणाऱ्या बायका झाल्या, दवाखान्यातली नर्स झाली. रेडिओचे कार्यक्रम तपासले. तो 'टॉक्' कशाचा, यावर तर आम्ही घरभर प्रयोग केले. डब्यांची झाकणं लावून पाहिली, दिव्याची बटणं दाबून पाहिली, कडी, कुलूप... साळवेसुद्धा हौसेनं सामील झाले. काही जमेना. आवाज एका मध्यमवयीन बाईचा, जरा नाकातला, एवढं मला कळत होतं. पण ही बाई कोण? रंजू कधी मुक्कामाला कुठं गेलेली नाही, घरात परकं माणूस राहिलेलं नाही. शेवटी मी नाद सोडला.

आता साळव्यांचं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, पोरीवर जीव होता. पण पुण्याचे एक मोठे सर होते, माझं कामही त्यांच्याच हाताखाली चाललं होतं. त्यांनी रंजूला एकदा तपासलं. विमल तिला कुशीत घेत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि साळव्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की दोष आईचा आहे. आईची माया थंड असली की मूल असं आत वळतं. तिला आईपासून लांब, परगावच्या संस्थेत ठेवा, उमलेल. सर मनाचं काही सांगत नव्हते. परदेशी पुस्तकांत तेव्हा तसंच लिहिलेलं होतं आणि आम्ही तेच शिकलो होतो.

मी मात्र ते घर वर्षभर बघत होते. रंजूला अंगाला हात लावलेला सहन होत नसे, किंचाळायची, स्वतःला चावून घ्यायची. म्हणून विमलनं हात लावणं सोडलं होतं. ती पोरीच्या फ्रॉकची शिवण उलटी करून द्यायची, आतून टोचू नये म्हणून. याला थंड म्हणायचं? पण सरांच्या विरुद्ध जायचं म्हणजे माझ्या संशोधनाचं काय होईल, ही भीती होतीच. मी निर्णय पुढं ढकलत राहिले.

मग एका रविवारी दुपारी साळव्यांनी मला बोलावलं. रंजूचे कपडे पिशवीत भरलेले. आजोबा भिंतीकडं तोंड करून बसलेले.

"मॅडम, संस्थेत जागा झालीये. मोठे सर म्हणतात आईमुळं झालं. तुम्ही वर्षभर बघताय. तुम्ही सांगाल ते करतो. आईमुळं झालं का?"

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी उठून आत गेले. विमल मोरीच्या कठड्याशी डोकं गुडघ्यात घालून बसली होती, आवाज न करता रडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मॅडम, माझंच चुकलं आसंल तर खरं सांगा. मी जाते माहेरी. पोरीला नका पाठवू."

मी तिच्यासमोर बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं —

"तुनी काहीच चूक नई शे, माय. रडू नको. तोंड धुई ले."

ठरवून नाही. मला शुद्ध मराठीत दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या होत्या. बाहेर आलं ते हे. लहानपणी मी रडले की माझी आई याच चालीत समजवायची. माझेही डोळे भरले होते, म्हणून चष्मा काढून पुसला, चष्म्याच्या घरात ठेवला आणि ते मिटलं.

टॉक्!

विमलनं मान वर केली. माझ्या हातातल्या त्या घराकडं बघितलं, मग माझ्या मागं. दारात रंजू उभी होती. ती कधी कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. त्या दिवशी आईकडं बघत होती.

"ताई," विमल म्हणाली, मॅडम नाही, ताई. "आवाज बी तुमचाच हाय."

मी बाहेर येऊन साळव्यांना स्पष्ट सांगितलं, "आईमुळं झालेलं नाही. पिशवी रिकामी करा." त्यांनी पिशवी पुढ्यात ओढली आणि एकेक फ्रॉक काढून परत फळीवर ठेवला. सर माझ्यावर जे नाराज झाले ते शेवटपर्यंत. त्याचं मला काही वाटत नाही. पुढं पुस्तकंही बदलली, आईला दोष देणं जगानंच सोडलं. रंजू आईजवळच वाढली.

ते वाक्य मात्र तिनं त्यानंतर एकदाही म्हटलं नाही.

माझे मित्र म्हणतात, यात नवल काय? वर्षभर ऐकत होतीस, तुझ्याच मायबोलीतलं, जिभेवर बसलं आणि वेळ येताच निघालं. हे मला पटतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण माझा चष्मा... तो मला त्या रविवारच्या थोडेच दिवस आधी लागला होता. चाळिशीचा. ते स्प्रिंगचं घर मी तेव्हाच मेन रोडवर घेतलं. त्याआधी मी चष्मा वापरत नव्हते. आणि रंजूचा 'टॉक्' माझ्या टेपवर त्याच्या वर्षभर आधीपासून आहे.

निघताना विमल मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली होती. बस दिसली तशी म्हणाली, "म्हंजे ताई, ती वर्षभर मलाच सांगत व्हती. आन् मी इचारत बसले, कुनाला म्हनते."

अशा मुलांची वाक्यं अर्थासाठी नसतात, नुसती परत केलेली असतात, असं मी तोवर शिकवत आले होते. विमलला ते न सांगताच मी बसमध्ये चढले. रंजूनं ते वाक्य कुणाचं ऐकलं, ते मला सापडलं. माझं. ते तिनं ऐकलं कधी, हे मला आजही सांगता येत नाही.