निळ्या डब्यातली काठी

भिंगरीवहिनींनी नवऱ्याच्या चांगल्या पँटी कापून गांडुळांना खाऊ घातल्या, अशी बातमी गल्लीत फिरत होती. फिरता फिरता ती चांगली बाळसंही धरत गेली. कुणी म्हणालं दोन पँटी, कुणी म्हणालं लग्नातला सूट. खरी गोष्ट एवढीच, की तो एक जुना सुती पायजमा होता, गुडघ्यावर विरलेला, आणि वहिनींनी तो बारीक कातरून गॅलरीतल्या खताच्या ड्रममध्ये टाकला होता. गांडुळांनी पायजमा संपवला, इलॅस्टिक तेवढं ठेवलं. पायजम्याचं नवऱ्याला काही वाटलं नाही. वहिनींनी ते इलॅस्टिक धुऊन दुसऱ्या पायजम्यात घातलं आणि तो पायजमा अंगावर चढल्यावर त्याला सांगितलं, तेव्हा मात्र तो दिवसभर बोलला नाही.

भिंगरी हे नाव गल्लीनं ठेवलेलं, आणि तेही त्यांच्या तोंडावर. पाठीमागे ठेवायला पाठ एका जागी सापडायला हवी ना! जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेली बाही जोडणं. मशीनवर बसल्यावर पाय चालतात ते ठीक, पण वहिनी जेवायला बसल्या तरी टेबलाखाली त्यांचा पाय चालूच. नवरा म्हणायचा, "अगं, थांबव. माझी पँट खुर्चीला शिवशील."

कपड्यांना ही घाई मानवायची. सकाळी टाकलेली पँट दुपारी तयार. झाडांना मानवत नव्हती. वहिनी एखादी फांदी मातीत खोचायच्या आणि दुसऱ्या दिवशी उपटून बघायच्या, मूळ फुटलं का. नाही फुटलं? परत खोचायच्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिवण उलटी करून टाके तपासायची हाताला सवय, ती मातीतही सुटत नव्हती. गुलाबांनी जीव दिला. जास्वंदीनं दिला. पुदिना तर रस्त्यावर फेकला तरी रुजतो, त्यानंही वहिनींपुढे मान टाकली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग अंजिराचं प्रकरण आलं.

वहिनींच्या माहेरी घराच्या कडेला अंजिराचं झाड होतं. भावानं ते तोडलं. गाडीसाठी शेड हवी होती, शिवाय मुळं भिंतीत शिरत होती म्हणे. वहिनींना कळलं ते तोडल्यावर, तेही दुसऱ्याच कामाच्या फोनमध्ये, बोलता बोलता. अर्धी चेन लावलेली पँट मशीनवर तशीच टाकून त्यांनी बस पकडली. पोचल्या तेव्हा झाड ट्रकमध्ये चढलेलं. मग काय, वहिनीही ट्रकमध्ये चढल्या. ट्रकवाला "मावशी, उतरा" म्हणत राहिला, भाऊ "ताई, लोक बघतायत" म्हणत राहिला, आणि वहिनी शेंड्याच्या पाच काठ्या तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून खाली आल्या. लहानपणी त्या झाडाच्या बेचक्यात बसून त्या शाळेचा अभ्यास करायच्या. तासन् तास. भिंगरीवहिनी आयुष्यात कुठे एका जागी बसल्या असतील तर तिथे.

पाचांपैकी चार काठ्या त्यांनी स्वतःच्या हातानं मारल्या. कशा, ते वर सांगितलंच आहे. चौथी उपटली तेव्हा तिला तळाशी बारीक पांढरे ठिपके आलेले होते. म्हणजे फुटणारच होती. आणखी थोडे दिवस तिला एकटं सोडायला हवं होतं, बस. वहिनी ती काठी हातात घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिल्या. नवऱ्यानं थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याकडे बघून तो चहा ठेवायला आत गेला.

पाचवी काठी त्यांनी एका निळ्या रंगाच्या डब्यात लावली आणि डबा उचलून थेट कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात नेला. या न्हाव्याला सगळे थंडोबा म्हणतात. दुकानाला आग लागली तर आधी गिऱ्हाइकाची दुसरी मिशी पूर्ण करील असा माणूस. त्याच्या खिडकीत लावलेलं काहीही जगायचं, कारण तो त्याच्याकडे बघायचाच नाही.

"काका, ही ठेवा तुमच्याकडे. मी मागितली तरी द्यायची नाही."

"बरं."

"बघायला आले तरी बघू द्यायची नाही."

"बरं."

"आणि समजा जर..."

"वहिनी, यांची दाढी अर्धी राहिलीय."

ठरलं. बदल्यात वहिनींनी त्याच्या कुंड्यांना पालापाचोळा पुरवायचा. पण दुसऱ्याच दिवसापासून वहिनींच्या चकरा सुरू झाल्या. कधी वेळ विचारायला, कधी आरशात पदर बघायला. एकदा तर म्हणाल्या, "काका, जरा कात्री देता का?" शिवणकाम करणारी बाई न्हाव्याकडे कात्री मागते! खुर्चीतलं गिऱ्हाईक इतकं हसलं की थंडोबाला वस्तरा बाजूला धरावा लागला. बोलणं चालू असताना वहिनींचा हात हळूहळू खिडकीकडे सरकायचा. शेवटी थंडोबानं डबा उचलला आणि मागच्या खोलीत, कोरफडीच्या रोपांच्या क्रेटमध्ये अगदी मधोमध दडवला. कोरफडीच्या काट्यांतून कोण हात घालणार? युक्ती झकास होती. फक्त ती त्यानं स्वतः लक्षात ठेवायला हवी होती.

वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रोपांची अदलाबदल भरते. एका बाजूला रोपं, दुसऱ्या बाजूला खतासाठी लागणाऱ्या वस्तूंची पोती. सुताराचा भुसा, चहावाल्याचा चोथा, बेकरीवालीची अंड्यांची टरफलं, आणि थंडोबाचं केसांचं पोतं. केसांचं खत उत्तम होतं, पण ते पोतं जो तो इकडे तिकडे बघत उचलतो. बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांना एकदा आपल्या वांग्याच्या कुंडीत पांढरे केस सापडले. म्हणाले, "माझेच दिसतायत. डोक्यावर होते तेव्हा इतके कामाला आले नाहीत."

इथला नियम एकच. वस्तू हातात देताना दोघांनीही "लाभो" म्हणायचं. एकदा लाभो म्हटलं की परत मागणं नाही, कुरकूर नाही. हा नियम खास भिंगरीवहिनींमुळे झालेला. दिलेलं रोप त्या तासाभरात परत मागायला यायच्या, परत घेतलेलं पुन्हा देऊन टाकायच्या, आणि एका दुपारी एकच गुलाब इतक्या हातांतून फिरला की त्याची पानं झडली.

त्या रविवारी वहिनी पाचोळ्याचं पोतं ओढत आल्या, तेव्हा थंडोबाचं क्रेट रिकामं झालेलं होतं.

"वा काका, कोरफड सगळी गेली? माझी काठी बरी आहे ना, दुकानात?"

"आहे की," थंडोबा म्हणाला. मग त्यानं रिकाम्या क्रेटकडे पाहिलं. चेहऱ्यावर विचार यायला त्याला नेहमीच वेळ लागतो, पण या वेळी तो येताना वहिनींना लांबूनच दिसला.

"काका?"

"वहिनी, ती निळ्या डब्यातली ना?"

वहिनींच्या हातून पोतं सुटलं. "कुणाला दिलीत?"

"बेकरीवालीला."

"काय घेऊन?"

"टरफलं."

"लाभो म्हणालात?"

"म्हणालो." त्यानं मान खाली घातली. "ती तर दोनदा म्हणाली."

वहिनी तिथून निघाल्या त्या थेट बेकरीच्या मागच्या अंगणात. रविवारची दुपार, भट्टी बंद, बेकरीवाली हात धूत उभी. आणि कोपऱ्यात अर्ध्या कापलेल्या पिंपात, ताज्या मातीत, ती काठी. निळा डबा शेजारी पालथा पडलेला.

"या वहिनी! डबा गळत होता, म्हणून मातीच्या गोळ्यासकट इथे लावली. काय आहे हो ही? थंडोबांना विचारलं तर म्हणाले, काठी आहे."

वहिनींनी इथे घोटाळा केला. खरं सांगून टाकलं. "अंजीर आहे."

"अंजीर!" बेकरीवालीनं ओले हात पदराला पुसले. "म्हणजे लाभलीच की मला!"

"ताई, ती माझी आहे. थंडोबांकडे नुसती ठेवायला दिली होती."

"पण लाभो म्हटलंय."

"ते त्यांनी म्हटलंय, मी कुठे म्हटलंय?"

"वहिनी, हा नियम कुणामुळे झाला, सांगू का?"

 वहिनी बोलू लागल्या, आणि बोलता बोलता अंगणभर फिरू लागल्या. झाड, शेड, ट्रक, पाच काठ्या, चौथीचे पांढरे ठिपके. ऐकताना बेकरीवालीची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत राहिली. वहिनी पिंपाशी येऊन थांबल्या तेव्हा ती आत गेली आणि खुरपं घेऊन आली.

"घ्या. न्या तुमची तुम्ही. टरफलं काय, माझ्याकडे रोज निघतात."

वहिनींनी खुरपं घेतलं नाही. खाली वाकल्या, सवयीनं दोन बोटांत काठी धरली आणि ओढली. आधीच्या चारही काठ्या कापडातून टाचणी निघावी तशा अलगद हातात आल्या होत्या. ही आली नाही. जरा ओढ दिली तर भोवतालची माती किंचित वर उचलली गेली आणि पुन्हा बसली. तापलेल्या इस्त्रीला लागावा तसा वहिनींनी हात मागे घेतला.

"काय झालं?"

"धरलंय हिनं."

"कुणी?"

"आतून, ताई. मुळं फुटलीयत."

"मग मोठा गोळा काढा की चांगला. मी धरते पिंप."

"नको. आताच कुठे तंतू फुटलेत. तुटतील." वहिनी उभ्या राहिल्या, पिंपाला एक फेरी घातली, दुसरी घातली. गॅलरीत ड्रमशेजारची जागा डोळ्यांपुढे आली, आणि त्या जागेसमोर दिवसभर शिवशिवणारे आपले हातही आले. त्यांनी हात पाठीमागे घेतले. "राहू दे इथेच. लाभो."

पदर खोचून त्या तरातरा निघाल्या. फाटकातून परत आल्या, पाणी बेतानं घाला म्हणून सांगायला. पुन्हा परत आल्या, दुपारचं ऊन टाळा म्हणून सांगायला. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बेकरीवाली खिडकीतूनच म्हणाली, "वहिनी, मला झोपायचंय हो!"

तेव्हापासून वहिनींची रोजची वाट बेकरीवरून जाते. पाव घ्यायचा नसला तरी जाते. थंडोबा चुकीची भरपाई म्हणून केसांची पोती पोचवतो, वहिनी पाचोळा नेऊन टाकतात. बेकरीवालीनं पिंपाभोवती मैद्याची रेघ मारून ठेवलीय, वहिनींनी तिच्या आत पाऊल टाकायचं नाही. वहिनी रेघेबाहेर उभ्या राहतात, हात पाठीमागे घट्ट धरून, आणि चवड्यांवर वर-खाली होत राहतात. काठीला पहिलं पान आलं त्या दिवशी त्यांनी भावाला फोन केला, त्यानं उचलला, आणि त्या "काही नाही, असंच" म्हणून ठेवून मोकळ्या झाल्या.

परवा पोतं जड होतं म्हणून नवरा बरोबर गेला. पोतं टेकवून त्यानं पिंपाकडे पाहिलं, पाच बोटांच्या हिरव्या पानांकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं आणि बायकोकडे पाहिलं. "काय गं, एवढी धावलीस, एवढी भांडलीस. शेवटी अंगण तिचं, पिंप तिचं, झाडही तिचंच. तुझं काय उरलं त्यात?"

वहिनी म्हणाल्या, "अहो, माझी होती ती चार मेली. हे तिचं आहे म्हणून जगलंय. राहू दे की तिचंच!"