शकुंतलाबाईंची चप्पल

दिगंबररावांनी चौतीस वर्षं कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्या कानानं. चालत्या मोटारीला पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डॉक्टरासारखं तोंड करून ऐकायचं. "आठ दिवस चालेल," म्हणाले की नवव्या दिवशी ती बसायचीच. पुढे मुलगाही तिथंच लागला, म्हणून टाउनशिपमधलं क्वार्टर सुटलं नाही, आणि दिगंबररावांची, म्हणजे घरातल्या आबांची, खोडही सुटली नाही. घरात मिक्सरलासुद्धा पेचकस लावायचे. शकुंतलाबाई म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याला तेवढा लावू नका."

नात कांचन दोन वर्षं कॉम्प्युटरवर भुताचा खेळ रचत होती. लहानपणी ज्या खेळानं तिला घाबरवलं, त्याचा पुढचा भाग कंपनीनं काढलाच नाही. मग त्या खेळाच्या वेड्यांसाठी हीच काढणार! रिकामं क्वार्टर, एकटा माणूस, हातात मरत आलेली बॅटरी, मागं भूत. जीव वाचवून बाहेर पडायचं. रविवारी तो सगळ्यांना द्यायचा होता. गुरुवारी मैत्रिणींनी खेळून कळवलं, "यार, डर नहीं लगा. हँसी आई."

पोरगी जेवली नाही. "आबा, मी सगळं डिलीट करते."

"आधी मला भिववून दाखव."

भूत किंचाळत अंगावर आलं. आबांनी चष्मा पुसला. "दात मोजून झाले याचे. अगं, दिसलं की माणूस माप घेतो. माप घेतलं की भीती संपली."

"मग कारखान्यात तुम्हाला कशाची भीती वाटायची?"

आबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मोठ्या आवाजाची नाही. रोजची मोटार असते, तिच्याकडे लक्षही नसतं. एक दिवस तिच्या आवाजात काहीतरी कमी असतं. काय, ते कळत नाही. त्याची भीती वाटायची."

कांचन उठली ती फोन घेऊनच. पंख्याची टकटक, नळाची टिपटिप, आजीची चप्पल, सगळं तिनं भरून घेतलं. आजीचा एक पाय ओढतो, म्हणून चप्पल चट् वाजते आणि मग फरफटते. भुताला तिनं दाराआड बसवलं, ते आता दिसेचना.

शनिवारी दुपारी आबा कानाला हेडफोन लावून बसले. खेळातली चप्पल स्वयंपाकघरात गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. आबा खेळातल्या बॅटरीचे सेल शोधत होते, त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. मग काहीतरी कमी झालं. पंखा होता. नळ होता. काय नव्हतं?

त्यांनी हेडफोन ओढून काढले. खरं घरही गप्प होतं.

"शकुंतला!"

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी बायकोला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती.

"काय झालं?" मागच्या अंगणातून आवाज आला. "चपला काढून कुरडया घालतेय. आणि नाव कशाला घेताय? मेले नाही अजून!"

आबा दाराची चौकट धरून उभे होते. "काही नाही. चपला घाल."

कांचन हसली नाही. हळूच म्हणाली, "आबा, मग देऊ उद्या?"

"दे. पण शेवटी ती चप्पल परत येऊ दे."

"भीती कमी होईल हो."

"होऊ दे की. खेळ संपल्यावर खेळणाऱ्यालाही आपापल्या घरात राहायचंय."