धोंडप्पानं लिंपलेलं पेव

धोंडप्पानं लिंपलेलं पेव कधी नासत नाही, असं सोलापूर-अक्कलकोट वाटेवरच्या गावांत म्हणत. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा; तोंडावर फरशी, फरशीवर चिखल-शेणाचा लेप. आत वारं शिरलं नाही की बुरशी निपचित पडून राहते. म्हणून एकदा तोंड फोडलं की त्याच दिवशी सगळं धान्य बाहेर काढायचं. त्याची बायको गंगम्मा हे लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. तरी तिनंच पेव फोडलं!

बहात्तर सालचा दुष्काळ. लेक गुरम्मा तान्हं घेऊन माहेरी आली. अंगावर दूध नाही, सासरी चूल थंड. गंगम्मानं नवऱ्यापुढं पदर पसरला.

"होळीपातुर पेव फोडायचं न्हाय. मागनं काय माती खायची?" धोंडप्पाचा एकच हेका. लेकीवर माया नव्हती असं नाही हो, पण गडी मुलखाचा हट्टी.

तो बैल विकायला अक्कलकोटला गेला, तशी मायलेकींनी फरशी सरकवली. आतली कोंदट हवा जाऊ दिली, दिवा आत सोडून तो विझत नाही ना ते बघितलं, आणि गुरम्माच्या डोक्याला पेलेल एवढी ज्वारी काढली. लेक गेल्यावर गंगम्मानं तोंड पुन्हा लिंपलं, ओल दिसू नये म्हणून वर कोरडी माती भुरभुरली. पण नुसतं बघून शिकलेली ती, धोंडप्पाचा हात कुठनं आणणार?

होळीला पेव उघडलं आणि गरम, कुबट वाफ तोंडावर आली. ज्वारीची काळीनिळी ढेकळं झाली होती. दोघांनी धान्य खळ्यावर पसरलं. सोलापूरचं ऊन ते, पाय ठेववत नाही. वाटलं, बुरशी जळून जाईल. वासही गेला. पण पोत्यात भरलेली ज्वारी काही दिवसांतच पुन्हा तापली.

"आतल्या उबेत मुरलीया बुरशी," धोंडप्पा म्हणाला. "आता तिला ऊन काय करनार? माजाच हात चुकला, बग."

गंगम्माच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्यानं जन्मभर लेकीचं तोंड बघितलं नसतं. तिनं पाटी उचलली. ज्वारी उकिरड्यावर गेली. दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीवर जगले. तिकडं गुरम्माचं पोरही जगलं. धोंडप्पाचं नाव मात्र गेलं. "औंदा तुमाला तरास न्हाय देत," म्हणत लोक लिंपायला दुसऱ्याला बोलवू लागले. पडत्याचा पाय खोलात, दुसरं काय! तो ओट्यावर बसून आपले तळहात बघत राही. गंगम्माचं आज सांगते, उद्या सांगते, करता करता सहा वर्षं गेली, आणि धोंडप्पाही गेला.

मयताला माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "गडी लाखाचा. पण त्या पेवानं खचला."

गंगम्मा ताडकन उठली. "पेव मी फोडलं हुतं! त्यांचा हात न्हाय चुकला, ऐकताय न्हवं?"

बायकांनी तिला धरून बसवलं. "लई जीव गं बाई," शेजारची मायाक्का डोळे पुसत म्हणाली, "मेलेल्या नवऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेतीया."

"गुरम्मे, तू तरी सांग की!" गंगम्मा ओरडली.

गुरम्माच्या शेजारी तिची सासू बसली होती. बापाला चोरून नेलेल्या ज्वारीवर आपलं पोर वाढलं, हे तिच्यादेखत कुठल्या तोंडानं सांगणार? गुरम्मानं मान खाली घातली.