आमच्या साडूंच्या बदललेल्या बाजू

एक महानगरपालिका आणि दोन नगरपरिषदा, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून, आमच्या साडूंइतक्या वेळा बाजू बदललेला माणूस सापडणार नाही, आणि हे मी आजी-माजी नगरसेवक हिशेबात धरून लिहितो आहे. नगरसेवक फार तर निवडणुकीच्या आगेमागे बाजू बदलतो. आमचे साडू वीस मिनिटांत तीनदा बदलत. फरक एवढाच, की बाकीचे जिंकणाऱ्यांकडे जातात आणि साडू हरणाऱ्यांकडे जात. वर्षभरात त्यांच्या शेजारी बसून मी एकशे बारा सामने पाहिले. सामना संपताना साडू जिंकलेल्या बाजूला आहेत, असे त्यांत नऊ. त्या नऊपैकीही दोनदा चष्मा न सापडल्यामुळे त्यांना बाजू बदलायचं बटण वेळेत दिसलं नव्हतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला बदलापूर पूर्वेला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस शिफ्ट इन्चार्ज म्हणून. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना खुर्चीत बसायची वेळ आली. ज्या माणसाने एकतीस वर्षं उभ्याने चहा प्यायला, त्याला खुर्चीत बसवणं सोपं नव्हतं. घरातल्या नळांचे वायसर बदलून झाले, शेजाऱ्यांच्या नळांचे झाले. तेव्हा पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर एक लढाईचा खेळ टाकून दिला. "बाबा, गुडघा विसराल," म्हणाली. गुडघा ते विसरले. पण खेळ कशासाठी असतो तेही विसरले, असं माझ्या मेहुणीचं म्हणणं होतं.

खेळ साधा आहे. लाल आणि निळी अशा दोन बाजू, प्रत्येकी आठ माणसं. मधोमध एक ठाणं. जी बाजू ते जास्त वेळ ताब्यात ठेवील ती जिंकली. खेळणारे कुठकुठले असतात, एकमेकांची तोंडं कोणी पाहिलेली नसतात, बोलणं मात्र ऐकू येतं. एखादी बाजू हरायला लागली की तिच्यातली माणसं एकेक करून निघून जातात, आणि जी राहतात ती समोर जागा मोकळी होण्याची वाट बघत बसतात. जागा झाली की कोपऱ्यातलं बटण दाबायचं, लालचे निळे व्हायचं. मी स्वतः खेळत नाही. मी एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, आणि मोजणं हा माझ्या कामाचा भाग आहे, तशी खोडही आहे.

साडूंची खेळायची वेळ रविवारी दुपारी चार. आम्ही दोघं अंबरनाथ पश्चिमेहून स्कूटरवर सकाळीच त्यांच्याकडे जायचो. चौघं मिळून जेवायचो, बहिणी-बहिणी आत बोलत पडायच्या आणि साडू तयारीला लागायचे. तयारी म्हणजे खरोखर तयारी. गंजीवर ते कधी खेळले नाहीत. तोंड धुऊन, खिशाचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बसत. पेनाचं काय काम, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "असू दे." खेळातलं त्यांचं नाव होतं 'बी शिफ्ट'. सामना सुरू झाला की आधी सगळ्यांना नमस्कार. मग चौकशी. समोरच्याने गोळी घालून पाडलं तरी त्यालाच विचारत, "छान नेम आहे. कुठले तुम्ही? जेवण झालं का?" गोळी घालणारा बऱ्याचदा इतका गांगरे, की त्याचा पुढचा नेम चुके. हा डावपेच नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे.

बाजू बदलली तरी इकडची गोष्ट तिकडे सांगायची नाही, हा त्यांचा नियम. नव्या बाजूची पोरं ओरडत, "अंकल, अभी तो उधर ही थे ना! बताओ ना कहाँ छुपे हैं सब!" साडू शांतपणे सांगत, "सात मिनिटं त्यांचं मीठ खाल्लंय, नाही सांगणार." एकाने विचारलं, "अंकल, गेम में कौन सा नमक?" त्यावर साडूंनी त्याला मिठाचा अर्थ समजावून सांगितला. तेवढ्यात दोघंही मेले.

माणसं बाजू का बदलतात, याचा मी त्यांच्याकडे बसून थोडा अभ्यास केला. साडूंना चौकशीची सवय असल्यामुळे उत्तरं आपोआप मिळत. मी वहीत रकाने पाडले होते. जिंकायचं म्हणून, हा रकाना सर्वांत लांब. मित्र तिकडे आहे म्हणून, हा दुसरा. स्वतःच्याच बाजूचा कोणी शिव्या देतो म्हणून, हा तिसरा, आणि तो मला वाटलं त्यापेक्षा बराच लांब निघाला. वांगणीचे एक शेतकरी फक्त निळ्या बाजूने खेळत, कारण उन्हात लाल रंग फोनवर दिसत नाही. अंगठा चुकून लागला, असे चार. आणि हरणाऱ्यांकडे माणसं कमी आहेत म्हणून, या रकान्यात एकच नाव.

जिंकायच्या रकान्यातलं पहिलं नाव उल्हासनगरच्या एका पडद्याच्या कापडाच्या व्यापाऱ्याचं. कॅम्प नंबर दोनमध्ये त्यांचं दुकान आहे आणि गल्ल्यावर बसूनच ते खेळत. पहिल्याच सामन्यात साडूंनी पत्ता विचारला आणि निघालं असं, की साडूंच्या हॉलमधले पडदे त्यांच्याच दुकानातले. तेव्हापासून दोघांची गट्टी. ते साडूंना सिंधी रीतीने 'साईं' म्हणत. बाजू का बदलता, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "साईं, ज्या गल्लीत गिऱ्हाईक, त्या गल्लीत दुकान. खाली गली में बैठ के मक्खी मारूं क्या?"

इथे एक गणिती अडचण होती. समजा निळे आठ आहेत आणि जिंकताहेत, लाल पाच उरलेत आणि हरताहेत. साडू निळ्यांत, व्यापारी लालमध्ये. साडू उठून लालकडे जात. सात आणि सहा. लगेच निळ्यांत झालेल्या जागेवर व्यापारी टपकत. पुन्हा आठ आणि पाच. म्हणजे साडूंच्या जाण्याने हरणाऱ्यांत एक माणूससुद्धा वाढत नसे. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, "माणूस वाढला नाही साडूभाऊ, पण माणूस बदलला की."

मग मी सरळच विचारलं, की हे कशासाठी. त्यांनी कंपनीतली गोष्ट सांगितली. त्यांच्या प्लांटसमोर रस्त्यापलीकडे दुसरा प्लांट होता. दोन्ही चोवीस तास चालू. केमिकलचं काम अर्ध्यावर टाकून जाता येत नाही, म्हणून बदली माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही, हा नियम. कधी पलीकडे माणसं कमी पडत. इन्चार्जने अशा वेळी आपला एखादा माणूस धाडायचा असतो. साडू माणूस न धाडता स्वतःच रस्ता ओलांडून जात. "माझ्या लाइनीला आठ जण होते. आठांत मी नसलो तर कोणाला कळतही नाही. पाचांत असलो की कळतं." एवढं बोलून ते लालकडे गेले आणि अडीच मिनिटांत मेले.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या मुलीला पुण्यात जुळी झाली. दोघं मुलगे. जावयांची नोकरी फिरतीची, मुलीची रजा संपत आलेली, सासू-सासरे नाहीत. मेहुणीचं म्हणणं, बदलापूरचं घर बंद करून पुण्याला जायचं, निदान पोरं शाळेत जाईपर्यंत. साडूंचं म्हणणं, जायचं नाही. तीन महिने हा एकच विषय चालला होता. साडूंकडे कारणं पुष्कळ होती. इथलं पाणी. इथले डॉक्टर. गुडघा पुण्याच्या थंडीत आखडेल. सोसायटीचा पंप त्यांच्याशिवाय कोणाला कळत नाही. मेहुणी रागावून झाली, रडून झाली, चार दिवस अबोला धरून झाली. अबोल्याच्या चौथ्या दिवशी साडू मला फोनवर म्हणाले, "घरात काही आवाज नाही, पंपाला काही झालंय का बघतोय."

एका रविवारी जेवताना मेहुणीने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आकड्यांतले. मला बोलता येत नाही नीट. पुण्याला किती काम आहे आणि किती माणसं आहेत, जरा मांडून द्या ना."

मला यात काही गैर दिसलं नाही. कोणी मांडून द्या म्हटलं की मी मांडतो. पुढच्या रविवारी मी तक्ता करून नेला. तीन पाळ्या आखल्या, सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येक पाळीत दोन बाळांची कामं, बाटल्या, अंघोळी, कपडे, झोपवणं. समोर हजर माणसं. सकाळी एक. दुपारी शून्य. रात्री एक, आणि तीच सकाळची. शेजारी बदलापूरचा रकाना केला. हजर माणसं दोन, काम पंप. जेवण झाल्यावर मी तो कागद साडूंच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. रात्रपाळीवर बोट थांबलं. खिशातलं पेन काढून त्यांनी माझी चूक दुरुस्त केली, पहाटेच्या बाटल्या दोन आहेत, मी एकच धरली होती. दुपारच्या शून्याला गोल केला. शून्यावर प्लांट चालत नाही, असं काहीतरी पुटपुटले, दोन ठिकाणी स्वतःचं नाव घातलं, आणि एकोणीस वर्षं रोज ड्यूटीचा तक्ता हाती आल्यावर जे केलं तेच केलं. खाली सही केली, तारीख टाकली, आणि कागद मेहुणीकडे दिला.

मेहुणीने सही बघितली. माझ्या बायकोने बघितली. आपण काय केलं ते साडूंना तेव्हा कळलं. कागद परत घ्यायला त्यांचा हात अर्धा पुढे आला आणि थांबला. सही झालेला तक्ता त्यांनी नोकरीत कधी बदलला नव्हता.

"भाऊजी, राहू दे हवं तर," माझी बायको म्हणाली. तिला त्यांची दया आली असावी.

"आता कसं राहू दे?" साडू म्हणाले. "लागलीय ड्यूटी."

जाण्याआधीच्या रविवारी ते शेवटचं खेळले. व्यापाऱ्यांना सांगितलं, पुण्याला चाललो. ते म्हणाले, "का साईं, पुण्यात नेट नाही काय?" साडू म्हणाले, "नेट आहे. हात मोकळे नाहीत. जुळे आहेत." व्यापारी म्हणाले, "दो-दो? बधाई हो साईं!" आणि मागे दुकानात कोणाला तरी ओरडून तीच बातमी दिली. सामना नेहमीसारखाच झाला. निळे आठ, लाल पाच. साडू निळ्यांतून उठून लालकडे गेले. निळ्यांत जागा झाली. मी वहीवर पेन टेकवून बसलो होतो. जागा तशीच राहिली. सामना संपेपर्यंत सात आणि सहाच होते. लाल बाजू हरली ती हरलीच. "काय शेठ, आज आला नाहीत पलीकडे?" साडूंनी विचारलं. "गिऱ्हाईक आलं होतं साईं," व्यापारी म्हणाले. "बटण दाबायचं राहूनच गेलं." एरवी दुकानात गिऱ्हाईक असलं की त्याच्याशी चाललेली घासाघीस सगळी ऐकू येत असे. त्या दिवशी मला तरी काही ऐकू आली नाही. ही नोंद कोणत्या रकान्यात करावी ते ठरेना, म्हणून मी केली नाही.

साडू पुण्याला गेल्याला आता पाच महिने झाले. तिथे त्यांचं उत्तम चाललं आहे असं मेहुणी सांगते. बाळांची अंघोळ ते घड्याळ लावून घालतात. जावई फिरतीवरून परतले की त्यांनी बाळ हातात घेतल्याशिवाय साडू खुर्चीवरून उठत नाहीत. माझी बायको हे ऐकून हसते. तक्ता बरोबर होता. मी तो नंतरही दोनदा तपासला. बदलापूरच्या रकान्यात मी फक्त बदलापूरचीच माणसं धरली होती, रविवारी अंबरनाथहून येणारी दोघं तेवढी राहून गेली. आमचा मुलगा बंगळूरला असतो. रविवारी स्कूटर काढायचं काही कारण उरलेलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. पंपाची चौकशी झाली.

"आम्ही इकडे आता सहा," ते म्हणाले. "पोरं धरून. ताट ठेवायला जागा नसते. तुम्ही आज जेवायला किती होता?"

"दोघं."

"दोघंच?"

"दोघंच," मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांच्या मागे एक बाळ रडायला लागलं, पाठोपाठ दुसरं. "बघतो हं साडूभाऊ," ते म्हणाले, पण फोन काही ठेवला नाही. मीही ठेवला नाही. दोन बाळं रडताना आणि साडू त्यांना कुठले तुम्ही, जेवलात का, असं विचारताना मला बराच वेळ ऐकू येत राहिलं.